वरून आपलं घर

बरकतपुऱ्यात आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मी कितीतरी वर्षं विमानांचं दुकान चालवलं. हातभर पंखांची छोटी विमानं, पण शोभेची नव्हेत बरं का, उडणारी! पोटात रबराची दोरी, नाकाशी लाकडी पंखा. बोटानं पंखा फिरवून दोरीला पीळ भरायचा आणि सोडून द्यायचं. लोक म्हणत, "काय हात आहे हो तुमचा!" मी नुसती मान डोलवायचो. तो हात माझा नव्हता, हे आता ऐंशी उलटल्यावर सांगायला काय जातंय? हात बायकोचा होता, आणि त्या हातावर मी जळत होतो. चांगला जळत होतो, आतून, अगदी पोट दुखेपर्यंत.

वेड मात्र माझंच. शाळेत असल्यापासून सायकल मारत बेगमपेठला जायचं, विमानतळाच्या कुंपणाला ती टेकवायची आणि तोंड वर करून उभं राहायचं. पायलट व्हायचं म्हणालो तेव्हा वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते निजामाच्या मुलकी खात्यात, सगळा जन्म उर्दू कागदांत गेलेला. म्हणाले, "आधी तो चष्मा काढून समोरचा बोर्ड वाचून दाखव." संपलं. मी तामिरातीत, म्हणजे रस्ते-इमारतींच्या खात्यात, नकाशे काढायच्या नोकरीला लागलो आणि कचेरीतून आलो की विमानं करू लागलो. निर्मळचे कारागीर ज्याची खेळणी करतात ते पोनिकीचं लाकूड फुलासारखं हलकं. ते तिकडून आणवायचो. बांबूच्या काड्या आणि पातळ कागद इथल्या पतंगवाल्यांकडून. रबराला एरंडेल चोळायचं, म्हणजे पीळ भरताना तुटत नाही. हे सगळं मी शोधून काढलं होतं. मी!

बायको जवळच्याच नल्लकुंट्याची. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. एक विमान मी नुसता सांगाडा करून ठेवून कचेरीत गेलो होतो, परत येऊन बघतो तर त्यावर कागद चढलेला. आणि कागद कसा? ताशासारखा ताणलेला, एक सुरकुती नाही.

"हे कुणी केलं?"

"मी. रागावलात?"

"अगं पण कसं केलंस?"

"काही नाही हो. कागदावर ओला हात फिरवला आणि सावलीत ठेवलं. तुम्ही उन्हात वाळवता, मग एकीकडून आधी सुकतं आणि पंख वाकडा होतो. पापड नाही का होत?"

पाच वर्षं माझे पंख वाकडे का होतात म्हणून मी डोकं फोडून घेत होतो. आणि ही पापड सांगते! आम्ही गच्चीवर जाऊन ते सोडलं. रस्ता ओलांडून समोरच्या ओसरीत जाऊन अलगद बसलं. ती टाळ्या पिटायला लागली. मी म्हणालो, "बरं झालंय, पण शेपूट जरा जाड ठेवलंस." शेपूट जाड नव्हतं. शेपूट तर मीच केलं होतं.

त्या दिवसापासून कागद तिच्याकडे गेला. मग खळ गेली, मग काड्या वाकवणं गेलं. मी गिऱ्हाइकांशी बोलायचो आणि नकाशे काढायचो.

मग रझाकारांचे दिवस आले. दुकान बंद केलं. आभाळात काही उडताना दिसलं तर कोण काय विचारेल याचा नेम नव्हता. खळीचं भांडंसुद्धा आम्ही पालथं घालून ठेवलं. शेवटी पोलीस अ‍ॅक्शन झाली, आणि हिंदुस्थानची विमानं शहरावर आली. आजूबाजूची सगळी माणसं आमच्या जिन्याखाली दाटीवाटीनं बसलेली, आणि मी गच्चीवर. माझ्यानं राहवेना. मागं वळून बघतो तर ही पण वर आलेली, पदर कमरेला खोचून.

"खाली जा!" मी ओरडलो.

"तुम्ही जा." असं म्हणून तिनं मान वर केली. विमानं कधीच निघून गेली तरी ती तशीच उभी. मग म्हणाली, "अहो, वर बसलेल्याला आपलं घर दिसत असेल का हो?"

"दिसतं की."

"कसं दिसत असेल? एकदा बघायला मिळालं पाहिजे बाई." सोनं मागितलं नाही, लुगडं मागितलं नाही, माहेरी जाते म्हणाली नाही. सगळ्या आयुष्यात तिनं माझ्यासमोर बोलून दाखवलेली इच्छा म्हणाल तर ही एवढीच.

नंतर सगळंच बदललं. कचेरीतली उर्दू गेली, इंग्रजी आली; वडिलांच्या वयाची माणसं पोरांसारखी स्पेलिंगं पाठ करायला लागली. जहागीरदारांच्या घरची जुनी गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि त्यांच्या जागी मद्रासहून, दिल्लीहून आलेले नवे साहेब लोक मुलांना घेऊन यायला लागले. दुकान पूर्वीपेक्षा जोरात चालायला लागलं. अशात एक दिवस विमान क्लबातले एक साहेब दुकानात आले. चुडीदार पायजमा, मिशा, गोड बोलणं. मलकपेठच्या रेसच्या मैदानावर छोट्या विमानांची शर्यत ठेवली होती. जे विमान सगळ्यात जास्त वेळ वर राहील, त्याच्या बनवणाऱ्याला क्लबाच्या खऱ्या विमानातून एक चक्कर.

माझी तर झोपच उडाली. तिचं काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी म्हणालो, "आपण दोन विमानं नेऊ. एक माझं, एक तुझं." फार उदार झालो होतो मी! मनात म्हणत होतो, बघू एकदा.

आता एक गोष्ट सांगतो, हसायचं तर हसा. विमान सरळ जायचं असेल तर नाकाला थोडं वजन लागतं. मी शिशाचा तुकडा लावायचो, तो कधी जास्त, कधी कमी. ही काय लावते ते मला कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. शर्यतीच्या आदल्या दुपारी मी दाराआडून पाहिलं. पोळ्या आटपून ती खाली बसली होती, बोटांत पिवळसर गोळी मळत होती. तिनं ती नाकाला चिकटवली, पंख दोन बोटांवर तोलले, नखानं कणभर काढली, पुन्हा तोलले. मी म्हटलं, अच्छा! कणीक! गुपचूप परातीतली कणीक उचलली आणि माझ्या विमानाच्या नाकाला लावली. काय तोललं गेलं म्हणता, काटा हलेना.

दुसऱ्या दिवशी मैदानावर माझं विमान हातातून सुटलं, नाक वर केलं, जागच्या जागी थबकलं आणि शेपटीवर आपटलं. कणीक वाळून वजनानं निम्मी झाली होती. तो टणक खडा साहेबांनीच गवतातून उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "ये क्या जी, रोटी लगाए क्या?" सगळे हसले. अंगाचा तिळपापड झाला माझा. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, मेण असतं ते. कुंकवाच्या करंड्यातलं. मला विचारायचं तरी." तिच्या कपाळावर कुंकू होतं, त्याच्या खालीही तेच मेण. रोज सकाळी ती माझ्यासमोर लावायची आणि मला दिसलं नव्हतं.

मग तिचं विमान सोडलं. ते गेलं. गेलं ते गेलंच! लोकांच्या डोक्यांवरून, घोड्यांच्या कठड्यावरून, मोठं वळण घेऊन परत आलं, पुन्हा वर चढलं. लोक "अरे वा, अरे वा" करायला लागले. मी एकटाच मनात म्हणत होतो, पड. पड ना एकदा! स्वतःच्या दुकानाचं विमान, स्वतःच्या बायकोनं केलेलं, आणि मी देवाला सांगत होतो की ते पाड. एवढा जळत होतो मी.

ते पडलं नाही. आमच्यापासून चार पावलांवर येऊन बसलं. साहेब धावतच आले, ते उचललं, उलटसुलट करून बघितलं.

"कौन बनाए जी ये?"

ती माझ्या शेजारी उभी होती. खळीनं तिच्या बोटांची टोकं पांढरी झालेली होती. तिनं तोंड उघडलं, मला स्पष्ट दिसलं की उघडलं.

"मैं बनाया, साब," मी म्हणालो.

तिनं तोंड मिटलं. मनाशी म्हणालो, बाईमाणसाला कोण बसवणार आहे विमानात, लोक काय म्हणतील. सगळं खोटं. साहेबांनी तिलासुद्धा बसवलं असतं, तसा माणूस होता तो. मलाच ते नको होतं. विमान तिचं उडलं होतं, आता उडायचंही तिनंच? मग माझ्याकडे राहिलं काय?

"घर कां है आपका?" साहेबांनी विचारलं.

"बरकतपुरा."

"बस! इतवार कू ऊपर से घुमा देंगे. घरवालों कू बोलो, गच्ची पे ठैरो."

घरी येताना टांग्यात ती विमान मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "मी गच्चीवर तांबडं लुगडं पसरून ठेवते. तुम्हाला घर लगेच सापडेल. कसं दिसतं ते नीट बघा, आणि मला सांगा."

रविवारी सकाळी त्यांनी मला चामड्याची टोपी घातली, चष्म्यावरून मोठा गॉगल चढवला आणि पुढच्या बैठकीत पट्ट्यांनी बांधून टाकलं. उघडं विमान ते, डोक्यावर छत नाही. चाकं जमिनीवरून सुटली आणि मी बैठकीची कड दोन्ही हातांनी धरली. मी डोळे मिटले. वाटलं, जरा वेळानं उघडू. वारा कानात नुसता घोंगावत होता, मागून साहेब ओरडले, "देखो जी, तालाब!" मी मान हलवली. गॉगलमुळे कुणाला काय कळणार? विमान एका बाजूला कललं तेव्हा मी रामरक्षा सुरू केली, ती चाकं परत जमिनीला लागेपर्यंत. जन्मभर ज्यासाठी मान वर करून उभा राहिलो, ते मिळालं आणि मी बघितलंच नाही. तिचं हिसकावून घेतलं आणि बघितलं नाही!

घरी आलो. ती दारातच होती. तिचे केस वाऱ्यानं विस्कटलेले, तोंड उन्हानं लाल.

"दिसलं का हो?"

"दिसलं की! हुसेनसागर खाली नुसता चमकत होता. आणि मग आपलं घर. एवढंसं, काड्यापेटीएवढं. तांबडं लुगडं ठळक दिसलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बरं." मग आत जाऊन पानं घेतली.

पुढं ही गोष्ट मी किती जणांना सांगितली याला गणती नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की सुरू. तलाव, चारमिनार, काड्यापेटीएवढं घर, तांबडं लुगडं. दर खेपेला थोडं वाढायचं. ती आत काड्या वाकवत बसलेली असायची. कुणी विचारलंच, "वहिनी, खरं का?" तर म्हणायची, "हो. बघितलं ना त्यांनी." मला त्या "बघितलं ना"चासुद्धा राग यायचा; वाटायचं, हिला हेवा कसा वाटत नाही?

दोघांचे केस पिकल्यावर दिल्लीला असलेल्या आमच्या मुलीनं विमानाची तिकिटं पाठवली. मी म्हणालो, "खिडकीशी तू बस." मनातला जुना काटा निघेल म्हणून म्हणालो. ती बसली. विमान धावायला लागलं, सुटलं, आणि माझे डोळे आपोआप मिटले. हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट.

"मैदान दिसलं रेसचं," ती म्हणाली. काचेला कपाळ लावल्यामुळे आवाज दबका येत होता. "हे काचीगुड्याचं स्टेशन. अहो, आपला बरकतपुरा!" मग तशीच, मागं न वळता म्हणाली, "आज घरावरून चाललंय विमान. तेव्हा नव्हतं गेलं."

"काय?"

"तलावावरूनच वळलं होतं ते, गोळकोंड्याकडं गेलं. मी गच्चीवरच होते ना, सकाळपासून. लुगड्याच्या चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून."

म्हणजे दारात "बरं" म्हणाली तेव्हाच तिला ठाऊक होतं. एवढी वर्षं दुकानात बसून माझी गोष्ट ऐकत होती, आणि ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? मला थोडंच कुणी वर नेणार होतं?"

डोळे अजून मिटलेलेच. मी विचारलं, "कसं दिसतंय गं? आपलं घर?"

ती हसली. मला दिसली नाही, पण हसली ते कळलं.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

आणि नाहीच सांगितलं तिनं. शेवटपर्यंत.