लॅपटॉपची पूजा आणि परतीच्या अटी

सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाईंग मिलच्या ऑफिसात मी गेली वीस-बावीस वर्षं भांडण्याचा पगार घेतोय. हुद्द्याला नाव दुसरं आहे, काम तेच. रंगवायला आलेल्या कोऱ्या कापडाच्या ताग्यात लांबी कमी निघते, कुठे तेलाचा डाग निघतो, आणि मी व्यापाऱ्याला फोन लावतो. "शेठ, हे कापड पाठवलंय की मच्छरदाणी?" शेठ हसतो, दोन सुरती शिव्या देतो. सुरतेत शिवी हा नमस्काराचाच एक प्रकार असल्यामुळे मीही परतफेड करतो. मग तो चहाला येतो आणि कप रिकामा होईपर्यंत अर्धे तागे परत गेलेले असतात, अर्धे आम्ही ठेवून घेतलेले असतात. या भांडवलावर माझी अशी पक्की समजूत झाली होती की मला फसवणारा विक्रेता अजून जन्माला यायचाय.

तो जन्मला होता. शिवाय माझ्याच शहरात राहत होता. पण ते मला पाच दिवसांनी कळलं.

झालं असं, की माझ्या मुलीला रिंग रोडवरच्या एका साडी-डिझाइनच्या ऑफिसातून बोलावणं आलं. नोकरी नाही, आधी परीक्षा. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारपर्यंत सहा साड्यांची डिझाइनं करून आणायची, पसंत पडली तर कामावर घेऊ. लॅपटॉप स्वतःचा हवा, आणि तो दमदार हवा, कारण ते डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणे साध्या मशीनवर धापा टाकतं. पोरीचं म्हणणं नवा घेऊ. मी म्हणालो, "नवा कशाला? वापरलेला घेऊ. घ्यायचा कसा ते मला विचार."

तिनं विचारलं नाही. तरी मी सांगितलं.

एका ॲपवर मी शोधून काढला. जाहिरातीत लिहिलं होतं: एकच मालक, फक्त ऑफिसचा वापर, सोळा जीबी रॅम, बॅटरी दिवसभर, ओरखडा नाही. फोटो असा चकचकीत, की त्यात मला माझंच तोंड दिसेल असं वाटलं. खाली परतीच्या अटी होत्या. खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ काढावा, आणि वस्तू जशी आली तशीच परत करावी. या अटी मी घरी मोठ्यांदा वाचून दाखवल्या आणि वर म्हणालो, "याला म्हणतात तयारी."

खोकं भेस्तानच्या आमच्या घरी मुदतीच्या आधीच्या शनिवारी आलं. मोबाइल पोरीच्या हातात, दिग्दर्शन माझं. मी खोकं कापलं, लॅपटॉप टेबलावर ठेवला, वायर लावायला वाकलो, तेवढ्यात माझी आई स्वयंपाकघरातून ओरडली. माझी आई पन्नास वर्षांपूर्वी धुळ्याहून सुरतेत आली, पण बोलण्यात अजून तिकडेच राहते.

"आरे, घरमा नवी वस्तू वनी नी तू पयले वायर लावस? पूजा कोन करी?"

"आई, नवी नाही, जुनीच आहे."

"आपले तं नवीच ना?"

आमच्याकडे फ्रिज, मिक्सर, स्कूटर, एवढंच काय इस्त्रीसुद्धा पूजा झाल्याशिवाय चालू झालेली नाही. बायको ताट घेऊन आली. पोरगी म्हणाली, "बाबा, आधी चालू करून बघू या ना, मग पूजा." मी म्हणालो, "व्हिडिओ थांबवू नकोस. पूजासुद्धा येऊ दे. वस्तू आम्ही किती जपून ठेवली त्याचा पुरावा होईल."

हे वाक्य मी बोललो. व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं.

आईनं ओल्या कुंकवानं झाकणावर स्वस्तिक काढलं. चार टिपके दिले. अक्षता टाकल्या, त्यातल्या काही बिजागरीत गेल्या. मी टेबलाशेजारीच नारळ फोडला आणि पाण्याचे दोन-तीन थेंब, जास्त नाही, लॅपटॉपच्या दिशेनं उडाले. मग आम्ही बटण दाबलं. मशीन कण्हत कण्हत उठलं आणि पडद्यावर अक्षरं आली: लॅब तीन, मशीन सतरा.

म्हणजे एकच मालक हे खरं होतं. तो मालक एक कॉम्प्युटर क्लास होता, आणि दहा वर्षं त्या क्लासच्या पोरांनी या मशीनवर टायपिंग गिरवलं होतं. रॅम चारच जीबी. बॅटरी आरतीइतका वेळसुद्धा टिकली नाही. पोरीनं सॉफ्टवेअर टाकायचा प्रयत्न केला आणि मशीननं डोळे मिटले.

ती वही काढून हातानं साडीचा काठ रेखाटत बसली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तक्रार केली, सोबत माझा तो ऐतिहासिक व्हिडिओ जोडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वस्तूवर लाल रंग आढळला आहे, तसेच द्रव पदार्थ सांडल्याचे ग्राहकाच्याच व्हिडिओत दिसत आहे, सबब परतीची विनंती नामंजूर.

मग मी भांडायला बसलो. ॲपवर भांडणासाठी एक खिडकी उघडते आणि पलीकडून एक यंत्र बोलतं.

"मी तुमची अडचण समजू शकते," यंत्र म्हणालं.

मी लिहिलं, "शेठ, हा लॅपटॉप आहे की पाटी?"

"मी तुमची अडचण समजू शकते. कृपया खालीलपैकी एक पर्याय निवडा."

रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. मी विनोद केला, विनंती केली, ग्राहक न्यायालयाची धमकी दिली, शेवटी एक सुरती शिवी दिली. यंत्र प्रत्येक वेळी माझी अडचण समजत होतं. चहाला बोलवायची सोय नसली की माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाची किंमत काय राहते, ते मला त्या खिडकीनं दाखवून दिलं.

गुरुवारी सकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, खोक्यात बिल होतं ना?"

"असेल."

"कुठंय?"

शोधाशोध झाली. बिलात आईनं प्रसादाचं खोबरं बांधून शेजारी दिलं होतं. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा मी, घरातलं एकुलतं एक बिल न वाचता खोबऱ्याबरोबर पाठवून बसलो होतो. शेजारणीनं घडी घालून जपून ठेवलेलं ते परत आणलं. विक्रेत्याचा पत्ता: कोसाड, म्हणजे सुरतेचंच दुसरं टोक. स्कूटरवर तासाभराचा रस्ता. लॅपटॉप मात्र कुरिअरच्या गोदामांमधून अर्धा देश फिरून आमच्याकडे आला होता.

मी मिलमध्ये रजा टाकली. पोरगी मागे बसली, मांडीवर लॅपटॉप. रस्ताभर मी भाषण पाठ करत होतो.

कोसाडच्या एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, दार उघडलं ते तिशीतल्या एका बाईनं. हातात पेचकस, मागे जमिनीवर उघडेबागडे लॅपटॉप रांगेत मांडलेले. मी सुरुवात केली, "हे पाहा, मी वीस वर्षं माल परत करतोय..."

ती झाकणावरच्या स्वस्तिकाकडे बघून थेट माझ्या आईच्या बोलीत म्हणाली, "कोठला शेतस तुम्ही? धुळ्याकडला?"

माझं भाषण तिथंच संपलं.

"हो," मी म्हणालो.

"मंग बसा. पानी घ्या." आणि मग साध्या मराठीत, "पण काका, परत नाही घेणार मी. आत पाणी गेलंय. ॲपवाल्यांनी मला व्हिडिओ पाठवला. आजींनी पूजा छान केली."

मी उसळणार तोच पोरगी म्हणाली, "ताई, पाणी गेलं असेल तर उघडून बघा. आत्ता, माझ्यासमोर. ओल किंवा पाण्याचा डाग निघाला तर मी निघून जाते. कोरडं निघालं तर जाहिरातीत लिहिलंय तसं करून द्या."

बाईनं खाली बसून पेच काढायला घेतले. मी म्हणालो, "हळू हं, तो डावीकडचा..." दोघींनीही एकदमच माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायलो.

आत धूळ होती, अक्षतांचे तीन दाणे होते, ओल नव्हती, डागही नव्हता.

"कोरडं आहे," बाई म्हणाली. मग जरा ओशाळून, "जाहिराती माझा नवरा टाकतो. सगळ्या मशीनला एकच फोटो, एकच मजकूर. मी त्याला सांगून थकले. रॅम बदलून देते, बॅटरीपण. पण सोळाची रॅम सोमवारी येईल."

पोरीचा चेहरा पडला. "मला शनिवारी काम द्यायचंय."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे अजून अख्खं भाषण शिल्लक होतं. पण पोरीनं कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनकडे बोट दाखवलं. "ते चालू आहे? तोपर्यंत त्याच्यावर बसू का मी? इथंच?"

बाईनं मशीनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "बस. पण दुपारी माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात, बोलणं चालू असतं."

"मला सवय आहे," पोरगी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

गुरुवार आणि शुक्रवार ती कोसाडला त्या जमिनीवरच्या लॅपटॉपांच्या रांगेत बसून साड्या काढत होती. गुरुवारी संध्याकाळी मी तिला घरी आणलं, शुक्रवारी सकाळी पुन्हा सोडलं. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा दोघी एका काठाच्या रंगावरून वाद घालत होत्या. बाई म्हणत होती, "एवढा फिका रंग आमच्याकडे लग्नात कुणी नेसणार नाही." पोरीनं रंग गडद केला.

शनिवारी डिझाइनं पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही निघालो आणि रिंग रोडच्या त्या इमारतीखाली स्कूटर लावली. मी हेल्मेट काढायला लागलो तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वर येऊ नका."

"का?"

"तुम्ही बोलाल."

मी खाली थांबलो. तासभर. एवढा वेळ कुणाशी न भांडता मी याआधी कधी उभा राहिलो होतो, आठवत नाही. ती खाली आली, चेहऱ्यावरून काही कळेना. रसवाल्याकडे जाऊन तिनं दोन ग्लास सांगितले.

"सहातली दोन घेतली," ती म्हणाली. "ते गडद काठवालं त्यांना आवडलं. बाकीची परत करायची आहेत, नीट करून. सोमवारपासून ये म्हणाले."

मी विचारलं, "लॅपटॉप कुठला आहे, विचारलं का त्यांनी?"

"नाही," ती रस पीत म्हणाली. "कुणीच नाही विचारलं."