माझ्या ओळींवर त्याचं नाव

माझ्या भागीदारानं मला फसवलं. दूध संकलन केंद्रावरच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम सी भाषेत मी एकट्यानं लिहिला, आणि आज त्याच्या प्रत्येक ओळीपुढं नाव त्याचं आहे.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. कोल्हापुरात काटे दुरुस्त करता करता कोड शिकलो. हा पुण्यात शिकून आलेला. माझ्या कोडमध्ये त्याला एकही चूक सापडली नाही, सापडला तो अवतार. कुठं टॅब, कुठं स्पेस, कंस कुठं ओळीच्या शेवटी, कुठं खाली. मला म्हणाला, "दादा, हा कोड हाय की आठवडी बाजार?" मग त्यानं नियमावली काढली. समास चार स्पेसचा, ओळ ऐंशी अक्षरांच्या आत, नावं सगळी लहान अक्षरांत. काम येत नसलं की माणूस इस्त्री करत बसतो.

मीही सोडतो होय? उघडा कंस खालच्या ओळीवर एकटाच हवा, म्हणजे त्याचा जोडीदार सरळ खाली नजरेत येतो, यावर मी अडून बसलो. तो म्हणे, एक ओळ वाया जाते. दोन दुपारी आम्ही त्या कंसावर भांडलो. शेवटी तो नमला आणि मी खुशीत चहा मागवला.

चहा पिता पिता त्यानं हळूच विचारलं, नियम सगळ्या फायलींना एकदम लावतो, कोडमधल्या बदलांच्या जुन्या नोंदींचा पसारा काढून टाकू आणि नव्यानं सुरुवात करू, चालेल का? सौदा पटल्यावर भाजीवाली वर कोथिंबीर टाकते तसा मी म्हणालो, "टाका की काढून." जुनं सगळं पुसायला मीच बसलो. जन्मभर घासाघीस केलेला माणूस मी, आणि कोणती ओळ कधी कुणी लिहिली याचा एकमेव पुरावा फुकट देऊन बसलो.

पुढं दूध संघानं ठरवलं, ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याच्याकडंच सगळ्या गावांचे काटे सोपवायचे. यानं स्क्रीन उघडून दाखवली. नव्या नोंदीत प्रत्येक ओळ, नियम लावले त्या एकाच दिवशी, त्याच्याच हातून जन्मलेली. माझ्याकडं बोट करून म्हणाला, हे पाना-स्क्रू बघतात. बाहेर आल्यावर मी त्याला धरला, तर शांतपणे म्हणतो, "दादा, नोंदीत हाय तेच दाखवलं. ह्यात खोटं काय?"

कॅन काट्यावर ठेवल्यावर येणारी पहिली सात वजनं हा प्रोग्रॅम टाकून देतो. सातच का, पाच का नाहीत? त्या आकड्यासाठी मी कोडोलीच्या केंद्रावर किती सकाळी कॅनमधलं हिंदकळणारं दूध बघत उभा होतो. त्याच्या नियमावलीत याचं कलम नाही. त्यानं संघासमोर उभं राहून हे सांगावं. आणि हा एक प्रश्न न विचारता माझे काटे त्याच्या हाती दिलेच कसे, याचा जबाब संघाच्या साहेबांनी मला द्यावा.