चार सेंटीमीटर कमी

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला दवाखान्यात सगळे 'चौकशीबाई' म्हणत. पहिल्याच तपासणीत रक्त काढताना तिनं विचारलं, "एवढ्याशा नळीत काय काय कळतं हो?" सिस्टरनं सांगितलं, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर. मग लघवी कशाला? प्रोटीन जातंय का बघायला. आणि दर वेळी दंडाला तो पट्टा? ब्लडप्रेशर गुपचूप चढतं, म्हणून.

"तुम्हाला बाळ हवंय की नर्सिंगची डिग्री?" सिस्टर म्हणाली.

"जमलं तर दोन्ही," चौकशीबाई म्हणाली. वर तोंड करून, अर्थात.

बत्तिसाव्या आठवड्यात सिस्टरनं नेहमीसारखा पोटावर टेप धरला, खालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत. मग पुन्हा धरला. "अठ्ठावीसच भरतंय. बत्तीसच्या आसपास हवं."

मापाच्या बाबतीत चौकशीबाई कुणाला हार जाणारी नव्हती. तिनं पर्समधून स्वतःचा टेप काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. "बघा, तुमचा टेप ताणलाय! चांगला सेंटीमीटरभर."

सिस्टरनं निरखून पाहिलं. "खरंच की. आजच बदलते." मग फाईल उघडून ती हलक्या आवाजात म्हणाली, "पण चार आठवड्यांपूर्वीही हाच टेप होता ना? तेव्हा सत्तावीस होतं. एवढ्या दिवसांत एकच सेंटीमीटर वाढलं."

चौकशीबाईनं आपला टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी करायला सांगितलं.

बाहेर बाकावर सोबत आलेल्या सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "अगं, विचार ना काय झालंय ते."

"नको." बाळ वाढतंय ना, एवढंच विचारायचं होतं. पण डॉक्टर 'नाही' म्हणाल्या तर? तिची जीभच रेटेना.

आत पोटावर गार जेल आलं. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या, आणि चौकशीबाई भिंतीकडे. शेवटी सासूबाईंनाच राहवेना. "वाढतंय ना हो बाळ?"

"छान वाढतंय. वजन अगदी आठवड्यांप्रमाणे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात आडवं झोपलंय, म्हणून उंची कमी भरली. अजून वेळ आहे, बहुतेक बाळं आपणहून फिरतात. दोन आठवड्यांनी परत बघू."

"आडवं झोपलंय? मग बापावर गेलंय!" सासूबाई म्हणाल्या. "तोही पलंगभर पसरतो."

चौकशीबाई हसायला गेली आणि घळाघळा रडली. जिवात जीव आल्यावर नाक पुसत म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? त्याला माझं बोलणं ऐकू जातं?"

"जातं की. तुमचा आवाज तर सगळ्यात जास्त."

चौकशीबाईनं पोटावर हात ठेवला, मान खाली वाकवली आणि हळूच विचारलं, "बरं वाटतंय ना रे तुला?"

पुढची पेशंट दारात येऊन उभी राहिली, तरी ती उत्तराची वाट बघत बसून होती.