वाटे घालणारा जनू

धरमतर खाडीच्या अलीकडे, पेण तालुक्यातल्या एका गावात सगळ्यांच्या मालकीचं एक तळं होतं. उन्हाळ्यात ते उपसायचं आणि मासळीचे घरटी सारखे वाटे घालायचे, ही जुनी रीत. पुढे रोह्याला कारखाने आले, पोरं शिफ्टला जाऊ लागली, आणि कंपनीत लागलेला जगन भर सभेत म्हणाला, "सगला तलाव लिलावात काढा. पैशे येतील, बांध पक्का व्हईल." म्हातारे उसळले, "मंग गरिबानं काय खावं?" पेणच्या बाजारात पुढारी समाजवादावर तासन्‌तास बोलायचे; इथे त्याचा निकाल चिखलात उभं राहून लावायचा होता.

तो गावातल्याच जनूने लावला. "जिताडं लिलावाला, बाकीची मासली वाट्याला." जिताडा म्हणजे बड्यांच्या ताटातला मासा, त्यावर गिऱ्हाईक तुटून पडे. त्या पैशातून खारं पाणी अडवणारा बांध दुरुस्त होई, आणि विधवेच्या चुलीवरही कालवण शिजे.

वाटे घालायचं काम साहजिकच जनूकडे आलं. वाटे घालून तो पाठमोरा उभा राही, दुसऱ्याने एकावर काठी ठेवून "हा कुनाचा?" विचारलं की एका घराचं नाव घेई. यात लबाडी करणार तरी कशी? पण लोकांचं तोंड कोण धरणार! एकदा तो एका बारशाला जेवला आणि नेमका त्याच घराला जड वाटा गेला. कुजबुज झाली. तेव्हापासून जनूने गावात कुणाकडे पाण्याखेरीज काही घेतलं नाही. लग्नात अक्षता टाकायचा आणि घरी येऊन जेवायचा.

हा नेम बायको हौसालाही पाळावा लागे; ती चिडायची. "गावाला सारखं वाटतंस, नि मना एकटीला ठेवतंस. मी कुनाच्या घरी जावं?" तो हसण्यावारी न्यायचा.

हौसा वारली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. रीतीप्रमाणे शेजारची चंद्रावती पिठलं-भात घेऊन आली. तळं उपसायचं तोंडावर आलं होतं. जनू उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "नको गो, वाटे घालाचे हायेत." ती झाकलेलं ताट तसंच घेऊन गेली. इतकं करू नये माणसाने. आपण चुकलो, हे उपाशी बसलेल्या जनूलाही कळत होतं.

पुढे गावाने तळं ठेकेदाराला दिलं. तो जिताडे नेई आणि घरोघर काट्यावर तोलून मासळी देई. व्यवस्था चोख होती, जनूला रुसायला जागा नव्हती. उलट त्याला हायसं वाटलं. आता कुणाकडेही जेवायला हरकत नव्हती. तो बोलावण्याची वाट पाहू लागला; पण जनूला जेवायला बोलवायचं असतं, हे गाव कधीच विसरलं होतं.

शेवटी लाज सोडून एका दुपारी तो जगनच्या घरी गेला. आत जवळ्याचं कालवण रटरटत होतं. जगनने आदराने खाट पुढे केली, पाणी दिलं. गप्पा झाल्या, मग संपल्या. जगनची बायको दोनदा आतून डोकावून गेली.

"बाबा, कवा जेवाचं?" पोर कुरकुरलं.

जगन खेकसला, "गप रव! जनूकाका बसलेत ना? त्यांचेसमोर पानं मांडाची नायत. आपल्यासाठी जलमभर नेम पाललाय त्यांनी."

'मना पन वाढ,' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण जगनच्या चेहऱ्यावर एवढा मान होता, की जनूची जीभ रेटेना.

"येतो रं," म्हणत तो उठला. तो अंगण ओलांडतोय तोवर आत ताटं मांडायला सुरुवात झाली होती.