शेजारच्या सीटचा ब्रेक

माझा धाकटा भाऊ गाडी शिकवतो. निम्मं गाव आपण रस्त्यावर आणलं, असं तो अभिमानाने सांगतो, आणि लोक का हसतात ते त्याला कळत नाही. शिकवण्यात मात्र त्याचा हात कोणी धरू शकणार नाही. क्लच कसा सोडायचा हे तो असं सांगतो, "पाहुण्यांना निरोप देतो ना, तसा. आधी जागेवरून उठायचं, मग दारापर्यंत जायचं, मग फाटकापर्यंत. एकदम कटवलं की पाहुणाही बिथरतो आणि गाडीही." साठीच्या आजोबांपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांना त्याने हेच सांगून शिकवलं.

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर गाडी थांबवता यावी म्हणून. भावाला तो ब्रेक वर्षानुवर्षं क्वचितच लागला. पाय मागे घेऊन, हात मांडीवर ठेवून तो निवांत बसायचा आणि कोणी चुकलं तर म्हणायचा, "बरं, आता काय झालं ते तुम्हीच सांगा."

गेल्या वर्षी एका वळणावर समोरून टेम्पो आला. गाडी चालवत होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर शाळेला धाक दाखवलेल्या त्या बाईंनी टेम्पो पाहून स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. भावाने ब्रेक दाबला. टेम्पो बाजूचा आरसा तेवढा घेऊन गेला, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बाई पुढच्या आठवड्यात परत आल्या, शिकल्या आणि आता बहिणीला घेऊन गावभर हिंडतात. भावाचा पाय मात्र त्या दिवशी ब्रेकवर गेला तो गेलाच.

मग तो कशालाही ब्रेक मारायला लागला. फुटपाथवरच्या कुत्र्याला, उडणाऱ्या पिशवीला, लांबवरच्या हिरव्या सिग्नललाही, कारण तो लाल होऊ शकतो. शिकणाऱ्यांच्या माना अवघडायला लागल्या. पोरांनी त्याचं नाव ब्रेकमास्तर ठेवलं. त्याला विचारलं की म्हणायचा, "काळजी घेतलेली बरी." काळजी कसली, घाबरला होता. पण आमच्या घरात पुरुषांना भीती वाटत नाही, त्यांना ॲसिडिटी होते.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्याच लेकीला, नोकरी लागली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि नदीपलीकडच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांना चालतं करायचं असं तिचं काम. त्यासाठी गाडी चालवता येणं भाग. ती लहान होती तेव्हापासून बाप सांगत आला होता, "तुला मी शिकवणार. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायचं नाही." ती मोठ्या हौसेने बसली. पहिल्या दिवशी ब्रेक, दुसऱ्या दिवशी ब्रेक. गाडी तिसऱ्या गिअरचं तोंड काही पाहीना. शेवटी तिने भर रस्त्यात कडेला गाडी बंद केली आणि म्हणाली, "बाबा, मी दुसरीकडे शिकते. तुझ्याकडे नाही जमणार."

"शीक," एवढंच तो म्हणाला. घरी आला आणि आधीच लख्ख असलेली गाडी धूत बसला. मी खिडकीतून पाहत होते. माझा जीव तुटला. त्याने आयुष्यात एकच गोष्ट उत्तम केली होती, आणि ती आता त्याला स्वतःच्या लेकीसाठी करता येत नव्हती.

छाती धडधडते म्हणून घरच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि हृदय उत्तम आहे म्हणाले. त्यांनी एका उपचाराचं नाव लिहून दिलं. ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकी. यात म्हणे भीतीशी मारामारी करायची नाही, तिला जागा द्यायची आणि आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते करत राहायचं. हे ऐकून माझी भावजय भाजी निवडता निवडता म्हणाली, "बांधिलकी तर लग्नातच झाली ताई. स्वीकार तेवढा राहिलाय."

भाऊ म्हणाला, "मला काय वेड लागलंय?"

"वेड लागलं असतं तर सोपं होतं," मी म्हटलं. "तू फक्त हट्टी आहेस." आणि ही थेरपी देणारं कोणी शोधायला फोन हातात घेतला.

फोनच्या बाबतीत माझ्या नादी कोणी लागू नये. माझी सगळी नोकरी वीज कंपनीच्या तक्रार कक्षात गेली. फोनवरचा माणूस खरं बोलतोय की कटवतोय हे मला श्वासावरून कळतं, कारण आम्ही स्वतः तेच करायचो. ज्याला फोनवरून लवकर घालवायचं त्याला सांगायचं, "आजच होईल साहेब." जिथे वायरमन खरोखर जाणार असायचा तिथे सांगायचो, "बघावं लागेल, वेळ लागेल."

पहिला फोन लावला त्या गृहस्थांचा आवाज मधात बुडवून काढलेला. "तीन बैठकांत भीती मुळासकट उपटून टाकू," ते म्हणाले. मी म्हटलं, "भीती आहे ती, गवत नाही," आणि ठेवला. दुसऱ्या ठिकाणी, तुमच्याकडे ही थेरपी मिळते का, असं विचारलं, तर "हो हो, तीही करतो." जरा खोदून विचारल्यावर कळलं की ती म्हणजे रोज आरशापुढे उभं राहून मी शूर आहे, मी शूर आहे म्हणायचं. माझा भाऊ आरशापुढे फक्त दाढी करतो, आणि तीही घाईत. तिसरीकडे माणूसच नाही. नव्या रुग्णांसाठी एक दाबा. दाबलं, तर बासरी. ज्या बाईने जन्मभर लोकांना फोनवर ताटकळत ठेवलं तिला हे भोगणं आलंच, म्हणून मी बासरी पुष्कळ वेळ ऐकली. कोणी आलं नाही.

मग एका बाईंनी पहिल्या रिंगला फोन उचलला. मी नेहमीचा प्रश्न टाकला, "भीती जाईल का?"

"ते नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "कमी होईलही कदाचित, पण मी हमी देत नाही. ती असतानाही त्यांना हवं ते करता येईल का, एवढं आपण बघू. वेळ लागेल."

वेळ लागेल म्हणाल्या! मी तिथेच त्यांना पसंत केलं. पण त्यांनी मला पसंत केलं नाही.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मोठी बहीण."

"मग त्यांना स्वतः फोन करायला सांगा. वेळ मी त्यांनाच देईन."

माझा फोन असा कोणी कधी परत पाठवला नव्हता. दोन दिवस मी फुरंगटून बसले. भाऊ रोज जाता-येता मी कागदावर लिहून ठेवलेल्या त्या नंबरकडे पाहायचा. तिसऱ्या दिवशी तो अंगणातल्या गाडीत जाऊन बसला, सगळ्या काचा वर केल्या आणि फोन कानाला लावला. मी, भावजय आणि भाची तिघी खिडकीत. तो बोलताना हात हलवत होता, मग हात थांबले, मग त्याने डोळे पुसल्यासारखं काहीतरी केलं. "घाम असेल, काचा बंद आहेत," भावजय म्हणाली, आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

थेरपिस्टबाईंची खोली एका चष्म्याच्या दुकानावर होती, शेजारी दातांचा दवाखाना. बाहेरचं बाकडं दोघांत सामाईक. गाल धरून बसलेल्या माणसांमध्ये आम्ही दोघं. त्या बाकावर सगळेच घाबरलेले होते, फक्त आमचं दुखणं दाढेत नव्हतं. आत गेलो. साधी खोली, दोन खुर्च्या, माझ्यासाठी तिसरी ओढून आणावी लागली. बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, केस विस्कटलेले, सर्दीने नाक लाल. त्यांनी भावाला विचारलं, कधीपासून होतंय? मी सांगितलं. झोप लागते का? मी सांगितलं. भीती वाटते तेव्हा अंगात कुठे काय जाणवतं? मी सांगायला लागले, तशा त्या उठल्या, हसून दार उघडलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. पुढची उत्तरं त्यांना माहीत असतील." मी परत दाढवाल्यांत जाऊन बसले.

तासाभराने भाऊ बाहेर आला तो तणतणतच. जिना उतरताना म्हणाला, "काय बाई आहे! मला विचारते, भीती गेली तर पहिल्यांदा काय कराल? म्हटलं, पोरीला गाडी शिकवेन. तर म्हणते, मग ती जाईपर्यंत पोरीने थांबायचं का?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, गाडीत बिघाड आहे हे माहीत असताना गाडी रस्त्यावर काढायची नसते. तर म्हणते, भीती हा बिघाड आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" तो पायरीवर थांबला. "ताई, आता हे काय विचारणं झालं?"

तो चिडला होता, म्हणून मला खात्री पटली की तो परत जाणार. आणि गेला. दर आठवड्याला जायला लागला. घरी येऊन काय झालं ते तुकड्यातुकड्यांत सांगायचा. आता ठोकणार, असं वाटलं की मनातल्या मनात म्हणायचं, आता ठोकणार असा विचार मला आलाय. एवढाच बदल. मला हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटला. त्यालाही वाटला, पण बाईंनी सांगितलंय म्हणून तो करायचा. जेवताना एकदम म्हणायचा, "आमटी खारट आहे असा विचार मला आलाय." भावजय म्हणाली, "तो विचार घेऊन स्वयंपाकघरात या आणि उद्यापासून तुम्ही करा."

आणखी एक अभ्यास होता. बंद गाडीत आपल्या जागेवर बसायचं, पाय सपाट ठेवायचे, छाती धडधडली तर धडधडू द्यायची आणि ती कुठून कुठे जाते ते पाहायचं. अंगणात तो असा बसलेला पाहून शेजारी विचारायचे, कुठे निघालात? "कुठेच नाही," तो काच खाली करून सांगायचा, "घाबरतोय जरा." मी हे ऐकलं तेव्हा हातातलं काम टाकून उभी राहिले. ज्या माणसाने वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, तो शेजाऱ्याला हे सांगत होता.

एके दिवशी त्याने लेकीला हाक मारली. "चल. दुसरीकडे अजून नाव घातलं नसलंस तर."

तिने घातलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, वेळच मिळाला नाही. इतकी वाईट थाप आमच्या तक्रार कक्षातसुद्धा कोणी मारली नसती.

पहिल्या दिवशी त्याने ब्रेक मारलाच. दुसऱ्या दिवशीही मारला, पण मारल्यावर म्हणाला, "हा माझा होता, तुझी चूक नव्हती." तिला तेवढं पुरलं. हळूहळू गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जायला लागली. मोकळ्या रस्त्यावर ठीक होतं. राहिला तो नदीवरचा जुना पूल. अरुंद, दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोन्हीकडचे आरसे एकमेकांची विचारपूस करतात. तिची नोकरी त्या पुलापलीकडे. तिथवर नेलं नाही तर काय शिकवलं?

त्या दिवशी मला मागच्या सीटवर बसायला बोलावलं. आधार द्यायला असेल, असं मी समजले. पूल सुरू झाला आणि समोरून मालाने भरलेला ट्रक आला. ट्रक म्हणजे सबंध पूलच आपल्याकडे चालत आल्यासारखा. भाचीने वेग कमी केला, गाडी कठड्याकडे घेतली. मला कठड्याचे गंज चढलेले खिळे दिसायला लागले. मी किंचाळले, "अरे, ब्रेक मार! ब्रेक!"

भावाच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि चक्क मांडी घालून बसला. तो म्हणाला, "ताई, शिकवणीच्या गाडीत मागे कोणीतरी नेहमीच ओरडत असतं. आपण त्याला उतरवत नाही आणि त्याच्या सांगण्यावरून ब्रेकही मारत नाही. तू ओरड हवं तर." मग लेकीकडे वळून म्हणाला, "छान घेतलीस. स्टिअरिंग असंच सरळ धर. ट्रककडे नको, आपल्याला जायचंय तिकडे बघ."

ट्रक गेला. आरसा शाबूत. पूल संपला. पलीकडे झाडाखाली भाचीने गाडी लावली आणि हँडब्रेक ओढला. मी तर देवाचं नाव घ्यायलाही विसरले होते.

"बाबा, तुला भीती वाटली?" तिने विचारलं.

"हो. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मग पाय वर का घेतलेस?"

त्याने पाय खाली सोडले. मग म्हणाला, "गाडी तू चालवत होतीस ना."

तिने नाक ओढलं, आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि गाडी पुन्हा पुलाकडे वळवली.