कुत्र्यांपुरती वेल्श

दूध-नॉर्मनला वेल्श येत नव्हती असं गावात सगळे म्हणत, पण ते पुरतं खरं नव्हतं. कुत्र्यांशी बोलण्यापुरती त्याला येत होती.

उमेदीची सगळी वर्षं त्याने वेल्समधल्या नांतवेर्नच्या खोऱ्यात दुधाचा टँकर चालवला. उजाडता उजाडता शेतावर पोचायचा, नळी जोडायचा, आणि दूध ओढून होईपर्यंत तिथलं कुत्रं त्याच्या बुटांभोवती गुरगुरत फिरायचं. शेतकरी कुत्र्याला वेल्शमध्ये दटावायचा आणि त्याच दमात नॉर्मनकडे वळून इंग्रजीत हवापाण्याचं बोलायचा. 'चूप', 'खाली बस', 'सोड त्याला', 'घरी जा', एवढं नॉर्मन त्या कुत्र्यांबरोबरच शिकला.

बाकीची वेल्श त्याला कोणी शिकू दिली नाही. दुष्टाव्याने नव्हे, चांगुलपणाने. तो इंग्लंडातून आलेला माणूस. तो पबमध्ये शिरला की अख्खं टेबल इंग्रजीवर यायचं. लग्नात तसंच, सासऱ्याच्या मयतीत तसंच. एक माणूस अवघडून उभा राहू नये म्हणून वीस माणसं आपली जीभ खिशात घालायची. "नॉर्मन आला, इंग्रजी बोला रे," हे मात्र कुणीतरी वेल्शमध्ये म्हणायचं, आणि तेवढं त्याला कळायचं, कारण त्यात त्याचं नाव असायचं. तरुणपणी त्याला या मानाचं अप्रूप वाटे. म्हातारपणी कळलं की पाहुण्यासारखं वागवता वागवता त्यांनी त्याला जन्मभर ओसरीवरच बसवलं होतं.

त्याची बायको डिलिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. घरात तीही तेच करायची. ती आणि लेक नेस्ता चुलीपाशी वेल्शमध्ये बोलत असायच्या. याचं पाऊल वाजलं की दोघी वळायच्या, वाक्य अर्धं असलं तरी. त्या अर्ध्या वाक्यांचं पुढे काय होतं हे त्याने कधी विचारलं नाही.

डिलिसचं विसरणं आधी नावांपासून सुरू झालं, मग गॅस, मग घरचा रस्ता. आणि एका हिवाळ्यात तिची इंग्रजी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जी भाषा नंतर आली ती आधी जाते. एका सकाळी नॉर्मनने तिला चहा घेणार का विचारलं, तर बंद खिडकीपलीकडून कोणी ओठ हलवावेत तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग काही बोलली. पुष्कळ बोलली. त्यात ना 'खाली बस' होतं, ना 'सोड त्याला'. त्याला एक अक्षर कळलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला एक लहानसं हॉस्पिटल होतं. स्लेटच्या खाणीतल्या माणसांनी आपल्या मजुरीतून कधीकाळी बांधलेलं, मोजक्या खाटांचं. तिथे डिलिसला ठेवलं. तिथली मायर नावाची नर्स त्याच खोऱ्यातली, डिलिसच्या हातचं जेवून मोठी झालेली. नॉर्मन रोज दुपारी खाटेशी बसायचा आणि मायर येता-जाता दोघांमधले शब्द वाहायची.

"दूध-नॉर्मन, ती विचारतेय, गाई आत घेतल्या का?"

त्यांच्याकडे कधी गाय नव्हती. "सांग, घेतल्या."

"ती म्हणतेय, काळीला पण?"

"काळीला सगळ्यात आधी घेतलं म्हणावं."

मायर वेल्शमध्ये ते सांगायची, आणि डिलिस त्याच्या हातावर हात ठेवायची. मायर चेष्टा करायची, की तुमच्या संसाराची मी पगारी मध्यस्थ, रिटायर झाले की तुम्ही दोघं काडीमोड घ्याल. नॉर्मन हसायचा. ते किती खरं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

नेस्ता कार्डिफला होती. तिथल्या विधानसभेत, सेनेदमध्ये, ती दुभाषी होती. सभासद वेल्शमध्ये बोलला की ज्याला वेल्श येत नाही त्याच्या कानात तिच्या आवाजात इंग्रजी यायची. नॉर्मन एकदा तिथे जाऊन बसला होता. वर प्रेक्षकांची गॅलरी, खाली गोल सभागृह. याने कानाला यंत्र लावलं आणि समोरच्या काचेमागे लेक शोधली. खाली एक धिप्पाड दाढीवाला सभासद उठला, म्हणाला काहीतरी, आणि नेस्ताचा आवाज नॉर्मनच्या कानात म्हणाला, "मी शेतकऱ्याचा मुलगा आहे." त्याला इतकं हसू आलं की शेजारच्या बाईने डोळे वटारले. बाहेर आल्यावर नेस्ताने सांगितलं की 'ते म्हणतात' असं आम्ही म्हणत नाही, डॅड. बोलणाऱ्याचं 'मी' तेच आमचं 'मी'. मध्ये आपण नसल्यासारखं राहायचं.

"मग तू असतेस कुठे?" नॉर्मनने विचारलं होतं.

"काचेमागे," ती म्हणाली.

तेव्हापासून मंगळवारी आणि बुधवारी तो घरी संगणक लावून बसायचा. रस्ते, मेंढ्या, शाळेची दुपारची जेवणं, कशावरही चर्चा असो. मंत्र्यांना सभासद प्रश्न विचारत आणि मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागे, हे त्याला आवडायचं. डिलिस तर ही विधानसभा व्हावी म्हणून घरोघर हिंडली होती. आरोग्य, शाळा, शेती यांचा कारभार लंडनहून कार्डिफला यावा म्हणून मतदान झालं, तेव्हा ती म्हणाली होती, "निदान दार ठोठावलं तर आतून आपल्या भाषेत कोणीतरी 'कोण आहे' म्हणेल." नॉर्मनने तिच्याखातर हो म्हणून मत दिलं होतं.

मग गावात कुजबुज आली की हॉस्पिटल बंद होणार. नर्स मिळत नाहीत, छप्पर गळतं. आरोग्य मंडळाच्या माणसांनी चॅपेलच्या सभागृहात बैठक घेतली आणि सांगितलं की आम्ही सरकारच्या धोरणाने बांधलेले आहोत. गावाने सह्या गोळा करून कार्डिफला पाठवल्या. तिथून उत्तर आलं की हा निर्णय आरोग्य मंडळाचा आहे. पबमधला एकजण म्हणाला, दोन शेतांमधल्या फाटकासारखं झालंय हे, दोघंही म्हणतात ते दुसऱ्याचं, आणि गुरं रस्त्यावर.

नॉर्मनचा मात्र सेनेदवर विश्वास होता. खोऱ्याचा सभासद प्रश्न विचारणार होता आणि मंत्रीणबाईंना तिथे, सगळ्यांसमोर, उत्तर द्यावं लागणार होतं. त्या बाई इकडच्याच, उत्तर वेल्सच्या, वेल्श बोलणाऱ्या. डिलिसला इथून हलवलं तर थेट किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या गावात, जिथे वेल्श बोलणारं कोणी नाही. मग ती बोलणार कुणाशी, आणि तिचं बोलणं याच्यापर्यंत आणणार कोण? त्याचा सगळा प्रश्न एवढाच होता. सभासदाला त्याने तो फोनवर सांगितला होता. सभासद म्हणाला होता, मी तुमचं नाव न घेता हेच विचारतो.

त्या बुधवारी नॉर्मनने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि संगणकासमोर बसला.

सभासदाने शब्दाला जागून विचारलं. एक बाई आहे, तिची इंग्रजी गेलीय. एक नवरा आहे, त्याला वेल्श येत नाही. त्यांच्यामध्ये एक नर्स आहे. हे हॉस्पिटल बंद झालं तर त्या दोघांचं काय, हे मंत्र्यांनी सांगावं. नॉर्मनने हे नेस्ताच्या आवाजात ऐकलं. आवाज जरा हळू झाला, पण थांबला नाही.

मंत्रीणबाई उठल्या. चेहऱ्यावर खरं दुःख होतं, हे त्याला नाकारता येईना. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. त्या बोलू लागल्या आणि त्याच्या लेकीचा आवाज म्हणाला:

"त्या कुटुंबाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण सुरक्षितपणे चालवता येत नाही अशी जागा मी चालू ठेवू शकत नाही. मंडळाचा निर्णय मी तपासला आहे आणि मी तो मान्य केला आहे."

नॉर्मन उठून उभा राहिला. "नेस्," तो रिकाम्या खोलीत म्हणाला, "असं नको म्हणू."

आवाज पुढे म्हणाला की खाटा तात्पुरत्या हलवल्या जातील, रुग्णांच्या भाषेची काळजी घेतली जाईल, मी स्वतः लक्ष घालीन. मग सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला. तो पुलाबद्दल होता. त्याचंही उत्तर नेस्तानेच दिलं.

डिलिसने ज्या दारासाठी मत मागितलं होतं ते उघडलं होतं, आतून तिच्याच भाषेत उत्तर आलं होतं, आणि उत्तर नाही असं होतं.

संध्याकाळी नेस्ताचा फोन आला.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं," तो म्हणाला. त्याने ते टोचावं म्हणूनच म्हटलं होतं.

"माझी पाळी संपली होती, डॅड. पुढची इव्हानची होती. तो म्हणालाही, मी घेतो, तू बाहेर जा. पण इव्हान भरभर बोलतो. तुला त्याचं ऐकू येत नाही. तूच म्हणतोस ना, तो तोंडात बटाटा धरून बोलतो म्हणून."

नॉर्मनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "जेवलीस का?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, नाही अजून.

डिलिसला किनाऱ्यावरच्या गावी नेलं. 'तात्पुरतं' या शब्दाकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. वरच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांना फळ्या लागल्या. मायर दुसरीकडे गेली. नॉर्मन दोन बस बदलून जायचा. जागा उबदार होती, स्वच्छ होती, खिडकीतून समुद्र दिसायचा. तिथली एक नर्स केरळची होती, फार मायेची. डिलिसचे केस विंचरताना ती आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायची. भिंतीवर वेल्श शब्दांचा एक तक्ता लावला होता: पाणी, दुखतंय, शौचालय. सरकारने भाषेची काळजी घेतली होती.

डिलिस सुरुवातीला बोलायची. कोणाचं उत्तर येत नाही म्हटल्यावर तिचं बोलणं आखडत गेलं. गाईंचं विचारणं बंद झालं. नॉर्मन आपल्या मनाने इंग्रजीत सांगायचा, काळीला आत घेतलं गं. ती समुद्राकडे बघायची.

सेनेदला सुट्टी लागली तशी नेस्ता आली. तिने आईशी वेल्शमध्ये बोलायला सुरुवात केली आणि डिलिसच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. वळवाच्या पाण्यासारखी ती बोलू लागली. नॉर्मन पलीकडे टोपी हातात धरून बसला होता.

"माम म्हणतेय की..." नेस्ताने सुरुवात केली.

"तसं नको," नॉर्मन म्हणाला. "तिथे करतेस तसं कर. ती बोलेल तसंच. मध्ये तू नको."

"डॅड, ती काय बोलेल ते..."

"मंत्रीणबाईंचं बोललीस ना? मग आईचं बोल."

नेस्ताने आईकडे पाहिलं. डिलिसने नॉर्मनकडे बोट केलं आणि काही विचारलं. नेस्ताचे ओठ दाबले गेले. मग ती बोलली, तोच सेनेदमधला सपाट, स्वच्छ आवाज.

"हा माणूस कोण आहे ते मला ठाऊक नाही. पण भला दिसतो. रोज येतो आणि इथे बसतो. याला घरी कोणी नाही का?"

नॉर्मनने टोपी गुडघ्यावर ठेवली. प्रश्न सरळ होता. त्याला वाटलं, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं पाहिजे.

"नाही," तो म्हणाला. "होती एक. आता नाही."

नेस्ताने ते वेल्शमध्ये सांगितलं. त्यातही तिने 'मी'च म्हटलं असावं. त्याला ते कळायला मार्ग नव्हता. डिलिसने ऐकलं. तिचे डोळे भरले, परक्या माणसाच्या दुःखाने भरावेत तेवढेच. तिने पुढे वाकून त्याच्या बाहीवरून हात फिरवला, शेतावरचं म्हातारं कुत्रं थोपटावं तसा, आणि दोन शब्द बोलली.

नेस्ताने श्वास घेतला. नॉर्मनने हात वर करून तिला थांबवलं.

"हे कळलं मला," तो म्हणाला.

त्याने टोपी घातली, कोटाची बटणं लावली, आणि घरी जायला उठला.