भिंतीकडे तोंड

नाशिक रोडला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं, की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. दुकानात आणखी कोणी असेल, तर त्यालाही वळायला लावतात. मला हे जरा अतीच वाटायचं.

आम्ही गोदाकाठचे उपाध्ये. यजमानांच्या सात पिढ्यांच्या नावांच्या वह्यांचे फोटो मी पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवले होते. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि मी पासवर्डच विसरलो.

"तुम्हीच उघडा ना काहीतरी करून," ती ड्राइव्ह दुकानात नेऊन मी त्या गृहस्थांना म्हणालो.

"गुरुजी, मला उघडता आली तर चोरालाही येईल. मग कुलूप कशाला लावलंत?"

राग आला, खरं सांगतो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "घरी टाइप कुठे बसून करता?"

"खाली मांडी घालून. कीबोर्ड चौरंगावर."

त्यांनी तिथेच सतरंजी अंथरली, खोक्यावर कीबोर्ड ठेवला आणि पाठ फिरवली. मी मांडी घातली, डोळे मिटले. बोटं आपोआप चालली. डोळे उघडले तर समोर पणजोबांचं अक्षर. मी एकेक पान वाचत गेलो.

बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच आवाज आला, "गुरुजी, वळू का आता?"